चाळिशीतला खेळाडू, सतरा वर्षांची नायिका

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं वय आणि गेममधल्या मुख्य पात्रांचं वय यांची फारकत होऊन आता बरीच वर्षं झाली. अमेरिकेतली 'एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन' ही संघटना नियमितपणे खेळाडूंची पाहणी करते आणि सरासरी वय गेलं दशकभर तिशीच्या पुढेच येतंय. पडद्यावर मात्र वेगळंच चित्र दिसतं. 'पर्सोना ५'चा नायक शाळेत जातो. 'फायनल फँटसी १०'चा टीडस १७ वर्षांचा आहे, 'किंगडम हार्ट्स'चा सोरा १४चा. 'द लास्ट ऑफ अस'मधली एली १४ वर्षांची आणि 'लाइफ इज स्ट्रेंज'ची मॅक्स कॉलफील्ड नुकती १८ पूर्ण केलेली. घराचे हप्ते फेडणारी, रक्तदाबाची गोळी न चुकता घेणारी, स्वतःच्या मुलांच्या परीक्षांच्या तारखा पाठ असलेली माणसं रात्री सगळं आवरून या पोरांच्या जागी तासन्‌तास वावरतात. शेवट आला की त्यांचे डोळेही भरून येतात.

हे असं का होतं, याची दोन ठराविक उत्तरं ऐकायला मिळतात. एक म्हणजे गतकाळाची ओढ. दुसरं म्हणजे ही माणसं वयानं वाढली, पण मनानं मोठी झालीच नाहीत. पहिल्या उत्तरात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात मला तरी काही दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे की गेम खेळताना मोठा माणूस एकाच वेळी दोन वयांचा असतो. पडद्यावरचे हात सतरा वर्षांच्या मुलीचे असतात आणि त्या हातांनी पुढे काय घडणार, याचा अंदाज चाळिशीतल्या डोक्यात असतो. या दोन वयांची जी ओढाताण होते, तिच्यातून तो जिव्हाळा येतो. ती नेमकी कशी होते, हे समजून घेण्यासारखं आहे. पुढे काही गेमच्या कथानकातले मोक्याचे प्रसंग येतील. ज्यांना ते गेम कोरेपणानं खेळायचे असतील, त्यांनी आधी खेळून घ्यावं.

मुळात गेममध्ये इतकी पोरं का?

याची कारणं बरीचशी व्यवहारातली आहेत. गेम सुरू होतो तेव्हा खेळणाऱ्याला त्या जगातलं काहीच ठाऊक नसतं. शस्त्र कसं धरायचं, दुकान कुठे आहे, कुणाचं राज्य आहे, सगळं त्याला सांगावं लागतं. नायक चाळीस वर्षांचा अनुभवी योद्धा असेल, तर त्याला कुणी हे सगळं समजावून सांगत बसलं की खटकतं. पंधरा वर्षांची, पहिल्यांदाच गावाबाहेर पडणारी मुलगी असेल, तर तिला सगळं सांगणं स्वाभाविकच वाटतं. शिवाय गेममध्ये पात्राची ताकद पायरीपायरीनं वाढत जाते. जे वय मुळात वाढीचंच आहे, त्याच्याशी ही रचना अगदी सहज जुळते.

गेमचे ग्राहक सुरुवातीला मुख्यतः मुलं होती, हेही खरं. 'पोकेमॉन' जपानमध्ये १९९६ साली आला. तेव्हाचे दहा-बारा वर्षांचे खेळाडू आता चाळिशीला आले आहेत, पण 'पोकेमॉन'चा नवा भाग आजही लहान वयाच्याच नायकाला घराबाहेर पाठवतो. खेळाडू मोठे झाले, नायक होता तिथेच राहिला. मोठ्यांनी पोरांच्या जागी खेळायचं, हा प्रकार असा योजना न करताच रुळला. नंतर काही लेखकांच्या लक्षात आलं की ही अडचण नसून हाती आलेलं साधन आहे.

वाचणं वेगळं, खेळणं वेगळं

कादंबरीतल्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल आपल्याला माया वाटते, पण तो काय करणार ते लेखकानं ठरवलेलं असतं. आपण फार तर 'अरे, नको करू' असं मनात म्हणतो. गेममध्ये बटण आपल्या अंगठ्याखाली असतं. त्यानं केलेली चूक ही आपण केलेली चूक असते.

जेम्स पॉल गी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं २००३ सालच्या आपल्या पुस्तकात या गोष्टीची फार चांगली फोड केली आहे. पुस्तक आलं तेव्हा गी स्वतः पन्नाशी ओलांडलेले होते, त्यामुळे मोठ्या वयात खेळणं म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत होतं. त्यांच्या मते खेळताना तीन ओळखी एकत्र नांदतात. पहिली आपली खरी ओळख: नाव, वय, नोकरी, स्वभाव. दुसरी पडद्यावरच्या पात्राची: तिचं बळ, तिच्या मर्यादा, तिचा भूतकाळ. तिसरी या दोहोंच्या मधली. या पात्रानं कसं व्हावं, कुणाशी कसं वागावं, पुढे कुणाला त्याचा अभिमान वाटावा, याबद्दल खेळणाऱ्याच्या मनात एक आस तयार होते. ती आस पात्राच्या स्वभावातून येते आणि आपल्या मूल्यांतूनही येते. दोन्ही पूर्णपणे वेगळी काढता येत नाहीत.

मोठा माणूस किशोरवयीन पात्र खेळतो, तेव्हा ही तिसरी ओळख विलक्षण जड होते. पात्राजवळ वय थोडं आणि पुढचा काळ भरपूर असतो. खेळणाऱ्याजवळ त्याच्या नेमकं उलट. त्यामुळे 'हिनं कसं व्हावं' या आशेत आपण स्वतः कसे झालो याचा सगळा जमाखर्च नकळत येऊन बसतो. समवयस्क नायक असेल, तर आपण त्याला आपला प्रतिनिधी करतो. सतरा वर्षांची नायिका असेल, तर तिच्याबद्दल जबाबदारी वाटू लागते.

क्रिस्टोफ क्लिमट, डोरोथी हेफनर आणि पीटर फॉर्डरर या संशोधकांनी २००९ साली असं मांडलं की गेममधलं तादात्म्य म्हणजे खेळणाऱ्याच्या स्वतःबद्दलच्या जाणिवेत झालेला तात्पुरता बदल. पात्राचे काही गुण तेवढ्यापुरते आपले वाटू लागतात. यातला 'काही' हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठा माणूस मॅक्सचा भित्रेपणा आणि तिची कळकळ अंगावर घेतो. स्वतःची चाळीस वर्षं मात्र तो दाराबाहेर काढून ठेवू शकत नाही.

गच्चीवरचा प्रसंग

'लाइफ इज स्ट्रेंज' हा फ्रान्सच्या डोन्टनॉड स्टुडिओनं २०१५ साली पाच भागांत आणलेला गेम. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आर्केडिया बे नावाचं काल्पनिक गाव आहे. मॅक्स तिथल्या शाळेत फोटोग्राफी शिकायला आली आहे. पाच वर्षांपूर्वी ती हे गाव सोडून गेली होती, आणि तेव्हाची जिवलग मैत्रीण क्लोई हिच्याशी तिनं संपर्कही ठेवला नव्हता. अचानक मॅक्सला एक शक्ती मिळते. ती वेळ थोडी मागे फिरवू शकते.

खेळताना ही शक्ती बहुतेक वेळा बोलण्यासाठीच वापरली जाते. एखाद्याला काहीतरी तोडून बोललो, समोरचा दुखावला, की वेळ मागे घ्यायची आणि दुसरं वाक्य निवडायचं. किंवा समोरच्याकडून एखादी माहिती काढायची, वेळ मागे घ्यायची आणि तीच माहिती जणू आधीपासून ठाऊक होती अशा थाटात वापरायची. अठरा वर्षांच्या खऱ्या मुलीजवळ हे नसतं. हे असतं मोठ्यांजवळ, फक्त फार उशिरा. रात्री झोप येत नाही तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं संभाषण मनात पुन्हा चालवायचं, 'तेव्हा असं म्हणायला हवं होतं' हे सुचायचं, आणि त्याचा काही उपयोग नसायचा. गेमनं नेमकी हीच पश्चातबुद्धी उचलली आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिली. म्हणून हा गेम मोठ्यांना इतका लागतो. तो मोठ्यांच्या सवयीवरच उभा आहे.

आणि मग दुसऱ्या भागाच्या शेवटी तो ती शक्ती काढून घेतो. केट मार्श ही मॅक्सची शाळेतली मैत्रीण. एका पार्टीतला तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आहे. मुली हसताहेत, घरून आधाराऐवजी बोलणी मिळताहेत. ती वसतिगृहाच्या गच्चीच्या कडेला जाऊन उभी राहते. मॅक्स तिथवर पोहोचते खरी, पण तोपर्यंत तिची शक्ती पार संपलेली असते. आता एकच संधी. जे बोलाल ते बोललात.

इथे काय उपयोगी पडतं, ते बघण्यासारखं आहे. बटणं दाबण्याचा वेग कामाचा नाही, पात्राची ताकदही नाही. आदल्या तासाभरात तुम्ही केटकडे किती लक्ष दिलं होतं, तेवढंच कामी येतं. तिच्या खोलीत गेलात तेव्हा तिच्या वस्तू, तिचे फोटो नीट पाहिले होते का? घरातलं कोण तिच्या जवळचं आहे आणि कुणाचं नाव काढलं की ती आणखी खचेल, हे लक्षात आहे का? सकाळी डायनरमध्ये बसलेले असताना तिचा फोन आला होता. तो उचललात, की समोर बसलेली क्लोई रुसेल म्हणून नुसता वाजू दिलात? चुकीचं उत्तर निवडलं तर केट वाचत नाही आणि गेम तसाच पुढे जातो.

या प्रसंगात दोन्ही वयं समोरासमोर येतात. मोठ्या खेळाडूला सकाळीच कळलेलं असतं की हा फोन उचलायला हवा. पण खेळताना हात मॅक्सचे असतात आणि मॅक्सला क्लोईला पुन्हा गमवायचं नसतं. तिच्या बाजूनं पाहिलं तर फोन न उचलणंही समजण्यासारखं आहे. मोठ्यांना इथे आपल्या तरुणपणची चूक परकी वाटत नाही. ती कशी होते, हे आतून पाहता येतं.

मैत्रिणी बघत असताना

'एवढी साधी गोष्ट या पोरांना कळत कशी नाही?' हा प्रश्न मोठ्यांच्या ओठांवर कायम असतो. त्याचं उत्तर देणारा एक प्रयोग गंमत म्हणजे व्हिडिओ गेम वापरूनच झाला होता. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ३०६ जण होते. त्यांचे तीन गट होते: १३ ते १६ वर्षांचे, १८ ते २२चे, आणि २४च्या पुढचे. एका साध्या गेममध्ये गाडी चालत असते, सिग्नल पिवळा होतो. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, पण वेळेत थांबला नाहीत तर टक्कर. निम्म्यांनी हा गेम एकट्यानं खेळला, निम्म्यांनी आपल्या वयाची मुलं भोवती असताना. सोबती बघत असले की लहान गटानं धोका खूप वाढवला. १८ ते २२च्या गटातही वाढ दिसली. २४च्या पुढच्यांवर सोबत्यांचा फारसा परिणाम दिसला नाही.

मेंदूशास्त्राच्या भाषेत याचं ढोबळ कारण असं दिलं जातं: बक्षिसाची, कौतुकाची, भावनेची ओढ जागवणारी यंत्रणा वयात येताना लवकर तापते. थांबून विचार करायला लावणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. म्हणजे पोरांना कळत नाही असं नाही. शांतपणे विचारलं, तर सोळा वर्षांची मुलगी धोका अगदी नीट सांगते. पण चार मैत्रिणी बघत असल्या की त्या कळण्याचं वजन कमी पडतं.

चांगला गेम हे वजन मोठ्या खेळाडूवर आणून टाकतो. २०१६ सालचा 'ऑक्सनफ्री' बघा. पाच मुलं रात्री एका बेटावर येतात आणि तिथे काहीतरी अभद्र जागं होतं. खेळाडू ॲलेक्स नावाच्या मुलीच्या जागी आहे. चालता चालता सगळे बोलत असतात. ॲलेक्सच्या डोक्यावर उत्तरांचे फुगे येतात आणि काही क्षणांत विरून जातात. ठरवायला वेळ घेतला तर ॲलेक्स गप्प राहिली असं होतं. आणि गप्प राहणं हेही इतरांना काहीतरी सांगून जातं. फार लवकर बटण दाबलं तर ती दुसऱ्याचं बोलणं तोडते. चाळिशीतला शहाणपणा इथे असतो, पण तो वापरायला सवड नसते. मुलांच्या घोळक्यात बोलणं किती झटपट चालतं आणि त्यात योग्य शब्द सापडणं किती अवघड असतं, हे कितीही वाचलं तरी जे कळत नाही, ते या गेममध्ये अर्ध्या तासात कळतं.

आठवणींचा उंचवटा

गतकाळाची ओढ या उत्तरात थोडं तथ्य आहे, असं वर म्हटलं. ते तथ्य काय, तेही पाहू. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली आठवणींबद्दलची बरीच माहिती एकत्र मांडली. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर अलीकडच्या काळाखालोखाल साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. आलेखावर त्या वयापाशी उंचवटा दिसतो. पहिली मैत्री, पहिलं प्रेम, पहिलं मरण, पहिल्यांदा घराबाहेर राहणं, असं 'पहिलं' सगळं याच काळात दाटलेलं असतं, हे त्याचं एक कारण. आपण कोण आहोत हे याच काळात ठरतं, म्हणून त्यातल्या आठवणी पुढे सतत लागत राहतात, हे दुसरं.

त्यामुळे शाळेचा जिना, वसतिगृहाची खोली, कुणाच्या तरी घरी गाणी ऐकत काढलेली दुपार हे पडद्यावर दिसलं की मोठ्या माणसाच्या मनात आधीच भरून ठेवलेलं बरंच काही बाहेर येतं. देश वेगळा असला, शाळा वेगळी असली तरी येतं. गेमला सगळं सांगावं लागत नाही, निम्मं खेळाडूच पुरवतो.

पण इथेच थांबलं तर चुकेल. ज्या गेममध्ये फक्त आठवणींची उजळणी आहे, तो दोन तासांत फिका पडतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं किशोरवयाबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली होती: या वयात समाज माणसाला थोडी मुदत देतो. वेगवेगळ्या भूमिका करून पाहा, अंतिम काहीच नाही, असा तो मधला काळ असतो. मोठेपणी ही मुदत संपते. नोकरी, संसार, लोकांनी धरलेली आपली ओळख यांत नवं काही होऊन पाहायला जागा उरत नाही. किशोरवयीन पात्र खेळणाऱ्याला ती मुदत पुन्हा मिळते. यंदा मितभाषी होऊन पाहू, यंदा भांडणात पडू, यंदा त्या एकट्या मुलीशी बोलायला जाऊ. आधी जगून झालेलं पुन्हा पाहण्यापेक्षा, जे होऊन पाहिलंच नव्हतं ते करण्यात मोठ्यांना जास्त रस असतो, असं मला वाटतं.

मोठ्यांची नजर कुठे जाते

२०१३ साली फुलब्राइट कंपनीनं केलेला 'गॉन होम' हा गेम या बाबतीत मला सगळ्यात बारकाईनं रचलेला वाटतो. ७ जून १९९५ची वादळी रात्र. विशीतली केटी परदेशातून घरी परतते, तर घरात कुणीच नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची चिठ्ठी: मला शोधू नकोस. केटी रिकाम्या घरात दिवे लावत फिरते, कपाटं उघडते, कागद वाचते. सॅम सतरा वर्षांची आहे. तिची रोजनिशी तिच्याच आवाजात ऐकू येत जाते, आणि लॉनी नावाच्या मुलीवर तिचं प्रेम कसं जडलं ते उलगडतं.

न्हाणीघरात टबाला लाल डाग दिसतात. मोठ्या माणसाच्या छातीत धस्स होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर केस रंगवायच्या रंगाची बाटली पडलेली असते आणि सॅमचा आवाज लॉनीचे केस रंगवल्याची गोष्ट आनंदानं सांगत असतो. घराला माळा आहे, आणि तिकडे जायची वाट गेमच्या अगदी शेवटी उघडते. तोवर तुमच्या मनात सगळ्यात वाईट तेच तयार झालेलं असतं. ही भीती सॅमची नव्हे. तिच्या बाजूनं ही प्रेमकथा आहे. भीती घरातल्या मोठ्यांची आहे, आणि गेमनं ती बरोबर हेरून वापरली आहे.

याच घरात आणखी एक गोष्ट पसरलेली आहे, आणि तरुण खेळाडूंच्या नजरेतून ती बरेचदा सुटते. वडिलांच्या न खपलेल्या कादंबऱ्यांची खोकी आहेत, प्रकाशकांची पत्रं आहेत, पोटासाठी लिहिलेली संगीत-उपकरणांची परीक्षणं आहेत. आई वनखात्यात काम करते. तिच्या मैत्रिणीच्या पत्रांतून संसारातला तणाव दिसतो. ही दोघं त्या रात्री घरी का नाहीत, याचाही कागद कुठेतरी सापडतो. विशीत हा गेम खेळलेल्यानं दहा-पंधरा वर्षांनी तो पुन्हा खेळून पाहावा. घर तेच असतं, पण पावलं वडिलांच्या टेबलापाशी जास्त वेळ थांबतात.

जुने गेम पुन्हा खेळताना असा पालट वारंवार होतो. 'फायनल फँटसी १०' २००१ साली आला. त्यातला ऑरन हा पिकल्या केसांचा, एक डोळा गमावलेला, कमी बोलणारा योद्धा. पंधराव्या वर्षी खेळताना तो पुराणपुरुष वाटायचा. त्याचं वय आहे ३५. आज तो बहुतेक जुन्या खेळाडूंपेक्षा लहान आहे. वडिलांवर सतत चिडलेला टीडस एकेकाळी शंभर टक्के बरोबर वाटायचा. आता त्याच्या वडिलांच्या तुटक बोलण्यामागे काय असेल, तेही ऐकू येतं. 'पर्सोना ४'मध्ये (२००८) नायक वर्षभरासाठी मामाच्या घरी राहायला येतो. मामा पोलीस आहे, बायको गेलेली, घरात नानाको नावाची लहानगी. संध्याकाळी फोन वाजतो, बाबांना उशीर होणार असतो, नानाको टीव्हीसमोर एकटी बसते. गेममध्ये संध्याकाळी काय करायचं ते खेळाडू ठरवतो. शाळकरी खेळाडू मामाला नावं ठेवतो. ज्यानं स्वतः असे फोन केले आहेत, तो खेळाडू निमूटपणे नानाकोशेजारी जाऊन बसतो.

काही गेम तर खेळाडूला मुद्दाम एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेतात. टेलटेल कंपनीच्या 'द वॉकिंग डेड'मध्ये (२०१२) आपण ली नावाचा मोठा माणूस असतो, आणि आठ वर्षांच्या क्लेमेंटाइनला सांभाळायचं असतं. तिसऱ्या भागात ली तिचे केस कापतो, तिला बंदूक धरायला शिकवतो. पुढच्या मालिकेत आपण स्वतः क्लेमेंटाइन होतो, अकरा वर्षांची. आणि शेवटच्या मालिकेत, २०१८-१९ साली, तीच क्लेमेंटाइन किशोरवयात एजे नावाच्या लहान मुलाला वाढवते. पालक म्हणून शिकवलं, लेकरू होऊन ते वापरलं, आणि मग तेच दुसऱ्याला शिकवायची वेळ आली. 'लाइफ इज स्ट्रेंज २'मध्ये सोळा वर्षांचा शॉन आणि नऊ वर्षांचा डॅनियल हे भाऊ घर सोडून पळताहेत. अचाट शक्ती डॅनियलजवळ आहे, पण आपण खेळतो शॉन. आपण चोरी केली की तो चोरी शिकतो, आपण शिवी दिली की तीही उचलतो. शेवट कसा होणार, हे त्याला आपण काय शिकवलं यावर बरंचसं ठरतं. पालकपणाची बारकाई सांगणाऱ्या या गेममध्ये पालक मात्र सोळा वर्षांचा आहे.

कळतं सगळं, अधिकार काही नाही

एवढं सगळं असूनही मला वाटतं मोठ्यांना या पोरांशी बांधून ठेवणारा सगळ्यात पक्का धागा वेगळाच आहे. किशोरवय म्हणजे काय, तर अन्याय पुरता कळतो, पण हातात अधिकार नसतो. 'पर्सोना ५'ची (२०१६) सुरुवात आठवा. नायक एका बाईला त्रास देणाऱ्या दारुड्याला अडवतो. तो दारुडा वजनदार निघतो आणि गुन्हा मुलाच्याच नावावर चढतो. शाळेतून काढतात, वर्षभर देखरेखीखाली दुसऱ्याच्या घरी, कॅफेच्या माळ्यावर राहायला पाठवतात. नव्या शाळेत खेळाचा शिक्षक कामोशिदा मुलांना मारतो, मुलींना छळतो. मुख्याध्यापकांना माहीत आहे, इतर शिक्षकांना माहीत आहे, काही पालकांनाही माहीत आहे. शाळेला पदकं मिळताहेत म्हणून सगळे गप्प.

चाळिशीतल्या माणसाला ही परिस्थिती नवी नसते. वरिष्ठ चुकतोय हे दिसतं, बोलता येत नाही. निर्णय दुसरीकडे कुठेतरी होतो, परिणाम आपल्याला भोगावे लागतात. तरुणपणी वाटायचं की मोठे झालो की आपल्या हातात सगळं येईल. ते तितकंसं येत नाही, हे मोठं झाल्यावर कळतं. म्हणून शाळकरी मुलांनी आपसांत जमून कामोशिदाला कबुली द्यायला लावणं, हे मोठ्यांना पोरकट वाटत नाही. उलट, आपण का गप्प बसलो हा प्रश्न त्यातून मोठ्यांनाच विचारला जातो, कारण अधिकार असूनही गप्प बसणारे सगळे मोठ्या वयाचेच आहेत.

जिथे हे तुटतं

याच 'पर्सोना ५'मध्ये एक ढळढळीत दोष आहे. विद्यार्थ्यांचा गैरफायदा घेणाऱ्या शिक्षकापासून सुरू होणारा हा गेम पुढे त्याच शाळकरी नायकाला आपल्या वर्गशिक्षिकेशी प्रेमसंबंध जोडू देतो, आणि त्याला गोड वळण समजतो. इतरही मोठ्या वयाच्या बायका त्या यादीत आहेत. मोठ्या खेळाडूचं दुसरं वय इथे ताडकन जागं होतं, आणि व्हायलाच हवं. गेम हे नातं सक्तीचं करत नाही, सगळ्यांशी फक्त मैत्री ठेवता येते. तरी लेखकांनी स्वतःच्याच कथेचं म्हणणं इथे ऐकलं नाही, हे मला आजही खटकतं.

भाषेचा प्रश्न त्यामानानं किरकोळ. 'लाइफ इज स्ट्रेंज'मधली मुलं अशी बोलतात, तशी अमेरिकेतली खरी मुलं बोलत नाहीत, ही तक्रार पहिल्या दिवसापासून आहे. ती खरीही असेल, पण मॅक्सच्या मनातली घालमेल खोटी नाही.

सुरुवात कुठून करावी

ज्यांनी पूर्वी कधीच असं काही खेळलेलं नाही, त्यांनी 'गॉन होम' घ्यावा. दोन-तीन तासांत संपतो, मारामारी नाही, घाईघाईनं बटणं दाबावी लागत नाहीत. त्यानंतर 'ऑक्सनफ्री', जो दोन-तीन संध्याकाळींत आटोपतो. 'पर्सोना ५'ला शंभर तासांच्या आसपास लागतात, तेव्हा तो सवडीनंच हाती घ्यावा. 'द लास्ट ऑफ अस' हिंसक आहे आणि प्रौढांसाठीच आहे. मात्र त्याचा 'लेफ्ट बिहाइंड' हा २०१४ सालचा छोटा भाग या विषयासाठी आवर्जून खेळावा. त्यात ओसाड मॉलमध्ये एक गेमचं यंत्र बंद पडलेलं असतं. एली डोळे मिटून उभी राहते आणि तिची मैत्रीण रायली नुसत्या शब्दांनी तो गेम तिच्यासमोर उभा करते. पडद्यावर एलीचा चेहरा असतो आणि बटणं आपण दाबत असतो.

घरात स्वतःचंच पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल, तर वयाची शिफारस पाहून 'लाइफ इज स्ट्रेंज' सोबत खेळता येतो. केटचा प्रसंग त्यात आहे, त्यामुळे मुलाला तो एकट्यानं खेळायला देऊ नये आणि खेळून झाल्यावर त्यावर बोलायला वेळ राखून ठेवावा. कंट्रोलर मुलाच्या हातात द्यावा आणि निवडीची वेळ आली की दोघांनी आपापलं उत्तर सांगावं. भाग संपला की जगभरातल्या खेळाडूंनी काय निवडलं त्याची टक्केवारी पडद्यावर येते. ती पाहण्याआधी आपण दोघांनी वेगळं का निवडलं, हे एकमेकांना विचारून घ्यावं.